हरेपर्यंत शाळा

“जोवर तुमची टीम हरत न्हाय, तोवर पोरगी शाळंत,” तात्या पिसाळ शेळीपुढं पाला टाकत म्हणाले. “हरली की मातुर दुसऱ्या दिवशी टिळा. मग तुम्ही माझ्या दारात यायचं न्हाय, आन् मी तुमच्या शाळंत.”

ढोणे सर अंगणात उभेच होते. त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं. सर आमचे पी.टी.चे मास्तर, मैदानावर त्यांची शिट्टी वाजली की बाजारपेठेतली कुत्रीसुद्धा गप्प व्हायची. पण त्या अंगणात त्यांनी पायातल्या चपला हातात घ्यायच्याच काय त्या बाकी ठेवल्या होत्या. मी त्यांच्या मागे उभी. मला सोबत आणलं होतं, कारण एकट्या पुरुषानं वयात आलेल्या पोरीच्या दारात जायचं नाही, हे आमच्या गावात कुणी न सांगताही सगळ्यांना ठाऊक होतं. मी पोस्टमास्तरांची मुलगी, वैजूच्या वर्गातली आणि तिच्याच टीममधली. माझ्यावर कुणाचा संशय नव्हता.

“तात्या, शब्द?” सरांनी विचारलं.

“ह्या गावात माझा शब्द कवा फिरलाय?” तात्या शेजारच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांकडे वळले. “सांगा की हो मास्तरास्नी.”

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. तात्यांचा शब्द फिरत नाही, असा लौकिकच होता, आणि त्या लौकिकाची त्यांना दारूपेक्षा जास्त नशा होती. तरुणपणी ते कबड्डी खेळायचे. गुडघा गेला, खेळ गेला, पण खेळाचं नाव काढलं की माणूस जरा मऊ पडायचा. सरांनी नेमका तोच धागा पकडला होता.

वैजू दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. वैजयंता तिचं नाव. पण एवढं लांबलचक नाव फक्त हजेरीला. तिच्या पाठीमागून धाकटी मंजी डोकावत होती. सातवीतली, दोन वेण्या, नाकाला सदानकदा सर्दी. “सर, आमच्या अक्काला कुणीच शिवू शकत न्हाय,” मंजी ओरडून म्हणाली आणि आईनं तिला दंडाला धरून आत ओढलं.

परत येताना सर झपाझप चालत होते. माळाजवळ आल्यावर मात्र ते एकदम हसायला लागले. मी घाबरलेच.

“प्रमिला, वैजूला मागणी घातलीय त्या मुलाचा आजा कधी गेला?”

“मागच्या माघात, सर.”

“मग कर की विचार!”

विचार करण्यासारखं होतं खरं. घरातलं मोठं माणूस गेलं की लग्न एक तर वर्षाच्या आत उरकायचं, नाही तर तीन वर्षं थांबायचं, ही आमच्याकडची रीत. पौषात लग्नं होत नाहीत. म्हणजे तुळशीचं लग्न लागल्यापासून मार्गशीर्ष संपेपर्यंत एवढीच फट मुलाकडच्यांच्या हातात होती. आणि खो-खोचं वेळापत्रक सरांना तोंडपाठ होतं. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग. विभाग जिंकला की राज्य, आणि राज्याच्या स्पर्धा पौषात. तोवर हरलो नाही, तर वैजू तीन वर्षं सुटली. तीन वर्षांनी ती अठरा पूर्ण झालेली असणार.

“म्हणजे आपण फक्त जिंकायचं,” मी म्हणाले.

“फक्त जिंकायचं,” सर म्हणाले. जसं काही दुकानातून मीठ आणायचं होतं.

शाळेत ही गोष्ट कळायला वेळ लागला नाही. आमच्या अत्तार मॅडम इंग्रजी शिकवायच्या. त्यांना हा सगळा प्रकारच पटला नाही. स्टाफरूमच्या दारात त्या सरांवर तापल्या होत्या, आणि आम्ही वह्या द्यायच्या निमित्तानं तिथंच घुटमळत होतो.

“लहान मुलीचं लग्न हा गुन्हा आहे, ढोणे. तक्रार करायची सोडून तुम्ही तिच्यावर पैज कसली लावता?”

“मॅडम, एकदा पोलीस त्या दारात गेले ना, की पुढच्या वर्षी एक बाप आपली पोरगी मैदानावर पाठवणार नाही. शाळेत तरी पाठवील का, देव जाणे. मला या एकीला वाचवायचं आहे, आणि बाकीच्याही हव्या आहेत.”

मॅडमनी तक्रार केली नाही, पण पटलं म्हणून नव्हे. त्या दिवसापासून त्यांनी वैजूला पहिल्या बाकावर बसवलं. वैजूचं आणि इंग्रजीचं कधी जमलं नाही. उभं राहिलं की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. एकदा तासाला मोठेपणी कोण होणार, ते प्रत्येकीनं इंग्रजीत एका वाक्यात सांगायचं होतं. सगळ्या नर्स आणि टीचर होऊन गेल्या; माझ्यासारख्या दोघी डॉक्टरही झाल्या. वैजू उठली, खाली बघत म्हणाली, “आय विल बी पी.टी. टीचर.” वर्ग फिस्सकन हसला. बाईमाणूस गळ्यात शिट्टी अडकवून पोरांना पळवणार, हे आमच्या डोळ्यांपुढं येईना. मॅडम हसल्या नाहीत. “पुन्हा म्हण,” त्या म्हणाल्या. “मोठ्यानं.” आणि वैजूनं ते मोठ्यानं म्हटलं.

मैदानावर मात्र तिला काही शिकवावं लागत नसे. ती पळायची म्हणजे काय, ते मी सांगून कळणार नाही. पाठलाग करणारी पोरगी हात लांब करायची, आणि ज्या जागेवर वैजूची पाठ असायला हवी तिथं नुसती हवा असायची. ओळीत बसलेल्या दोन पोरींच्या मधून ती अशी वळायची की अंपायरसुद्धा मान हलवायचे. तालुक्याला आम्ही सहज जिंकलो. जिल्ह्याला घाम निघाला, पण जिंकलो. ढाल घेऊन गावात आलो तेव्हा तात्यांनी स्वतः चौकात नारळ फोडला. “माझी पोरगी हाय,” ते येईल-जाईल त्याला सांगत होते. वैजू माझ्या कानाशी लागली, “पमे, मला वाटतंय आपण हरणारच न्हाय.” तिला तेवढं आनंदात मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

विभागाच्या स्पर्धा तुळशीच्या लग्नानंतर लगेचच होत्या. निघायच्या आदल्या दिवशी आरोग्याचा तास होता. आरोग्यशिक्षणही खरं म्हणजे ढोणे सरांकडेच. पण शरीराचा धडा आला की सरांचे कान लाल व्हायचे. ते मुलांना घेऊन मैदानावर पळायचे आणि मुलींवर अत्तार मॅडमना सोडायचे. मॅडमनी दार लावून घेतलं, फळ्यावर कमरेच्या हाडांची आकृती काढली आणि कसलाही आडपडदा न ठेवता बोलायला सुरुवात केली. आम्ही सगळ्या माना खाली घालून बाकावरच्या रेघा मोजत होतो. वैजूनं हात वर केला. वर्गात तिनं आपणहून हात वर केलेला मी पहिल्यांदाच बघत होते.

“बाई, पंधराव्या-सोळाव्या वर्षी पोर झालं तर बाई जगती का?”

हा प्रश्न कुठून आला, ते साऱ्या वर्गाला ठाऊक होतं.

“जगते. पण जिवाला धोका असतो. हाडं पुरती वाढलेली नसतात.”

“आन् तेराव्या?”

मॅडमनी खडू खाली ठेवला. “वैजयंता, तेरा वर्षांची म्हणजे स्वतःच लेकरू. तिचं काय होईल, ते मी सांगूसुद्धा शकत नाही.”

“म्हंजे तेरापेक्षा पंधरा बरं.”

“दोन्ही वाईटच.”

“व्हय, पन त्यातल्या त्यात?”

पोरगी मनाची समजूत घालतेय, असं मॅडमना वाटलं असणार. मलाही तेच वाटलं. “त्यातल्या त्यात, हो,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. “पण तू जिंकून येणार आहेस. कळलं?”

“व्हय बाई,” वैजू म्हणाली आणि खाली बसली.

विभागाच्या मैदानावर पांढरीशुभ्र फक्की मारलेली, खांबांना नवा रंग, आणि बघायला हीऽऽ गर्दी. पहिले दोन्ही सामने वैजूनं जवळजवळ एकटीनं काढले. मात्र बाहेर आली की ती बोलत नव्हती. आम्ही एका शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून उतरलो होतो. तिथं ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. सरांनी तिला लिंबूपाणी पाजलं, तळपाय चोळायला तेल दिलं. “दडपण आलंय पोरीला,” ते मला म्हणाले. “तू तिच्याशी बोलत राहा.” मी बोलत राहिले. राज्याला गेलं की रेल्वेत बसायला मिळेल, आणि काय काय. ती नुसती हं हं करत होती.

शेवटचा सामना पलीकडच्या जिल्ह्याच्या पोरींशी. पोरी कसल्या, घोड्याच! शेवटच्या डावात त्या पाठलाग करत होत्या आणि आम्ही पळत होतो. खो-खोत पळणाऱ्या पोरी तिघी-तिघींच्या तुकडीनं आत उतरतात. सरांनी वैजूला मुद्दाम शेवटच्या तुकडीत राखून ठेवलं होतं. आमची दुसरी तुकडी बाद झाली तेव्हा गुण बरोबरीत आले, आणि घड्याळात उरलं होतं जेमतेम मिनिटभर. सामना बरोबरीत सुटला असता तरी आधीच्या सामन्यांच्या गुणांवर आम्हीच राज्याला जाणार होतो. एक मिनिट. वैजू तर दिवसभर पळाली असती. सरांच्या चेहऱ्यावर मला जिंकल्याचं दिसायलाच लागलं होतं.

आधीची तुकडी संपली की समोरच्यांनी दोन खो द्यायच्या आत पुढच्या तिघींनी मैदानात उतरायचं. नाही उतरलं, तर ती पोरगी बाद. हे खेळायला लागल्याच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी उतरले, माझ्यामागून आमची शकुंतला उतरली. पहिला खो झाला. मी खांबाकडे पळता पळता मागे पाहिलं. वैजू रेषेबाहेर उभी होती. दोन्ही हात अंगाशी, पाय जुळवलेले, प्रार्थनेला उभं राहतात तशी.

“वैजू, आत!” सर ओरडले.

ती सरांकडे बघत होती. ऐकू येत नव्हतं असं मुळीच नाही.

“वैजे! अगं आत ये!” मी किंचाळले.

दुसरा खो झाला. शिट्टी वाजली. अंपायरनी तिच्याकडे हात केला आणि उशिरा प्रवेश म्हणून तिला बाद दिलं. त्या एका गुणावर आम्ही हरलो. उरलेला वेळ मी आणि शकुंतला उगीचच पळत राहिलो. आम्हाला कुणी शिवलंही नाही.

समोरच्या पोरी एकमेकींना मिठ्या मारून नाचत होत्या. सर वैजूजवळ गेले. ते ओरडतील असं मला वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, “काय झालं बाळ?”

“पाय उचललं न्हाईत, सर,” ती म्हणाली.

सर वळले आणि पाण्याच्या टाकीमागे गेले. मोठ्या माणसाला रडताना बघायची सवय नव्हती आम्हाला, आम्ही सगळ्या दुसरीकडे बघत राहिलो.

परतीच्या एसटीत तिच्याशेजारी कुणी बसलं नाही. मीसुद्धा नाही. मला तिचा राग आला होता, एवढा की तिच्याकडे बघवत नव्हतं. सगळी शाळा जिच्यासाठी जीव टाकून पळाली, तिनं आयत्या वेळी मातीचा पुतळा होऊन उभं राहावं? मी दोन्ही हातांनी तोंड झाकून खिडकीशी बसले. गाव येईपर्यंत तीही माझ्याकडे आली नाही.

तात्यांनी शब्द पाळला. दुसऱ्याच दिवशी टिळा लागला आणि आठवड्याच्या आत लग्न ठरलं. मला जायचं नव्हतं, पण आई म्हणाली, “आयुष्यभर टोचत राहील तुला. जा, हळद लावून ये.” गेले. वैजू पाटावर बसली होती, हातात हिरवा चुडा, कपाळापासून पायापर्यंत पिवळी. बायका गाणी म्हणून दमल्या आणि चहाला उठल्या, तेव्हा मी तिच्या गालाला हळद लावायला वाकले.

“अजून रागावलीयास?” तिनं विचारलं.

“का उभी राहिलीस गं?” मी विचारलं. “एक मिनिट होतं फक्त.”

तिनं दाराकडे पाहिलं. मग अगदी हळू बोलायला लागली.

“आपुन निघायच्या दोन दिस आधी पावनं आलं होतं. म्हनालं, तुमची थोरली खेळत बसली तर आमचं वरीस निघून जाईल. थोरली न्हाय तर धाकटी द्या. आम्हाला ह्याच घरची पोरगी पायजे.”

“मंजी?”

“तात्या म्हनालं, मी मास्तरास्नी वैजीचा शब्द दिलाय. मंजीचा कुटं दिलाय?” वैजूच्या ओठांवर हसू आल्यासारखं झालं. “शब्दाचा लई पक्का मानूस.”

“सरांना का नाही सांगितलंस? मॅडमना?”

“सांगून काय? सर पुन्हा अंगनात येऊन उभं ऱ्हायलं असतं. पोलीस आलं असतं, तर तात्यांनी दोघींना रातोरात मामाच्या गावी नेऊन उरकलं असतं. म्या सगळा इचार केला, पमे. शेवटपर्यंत करत होते. पळायला लागलं की मला काईच आठवायचं न्हाय. आत गेले असते, तर मला मुद्दाम बाद व्हायला जमलंच नसतं गं. पाय ऐकलंच नसतं. म्हनून आत गेलेच न्हाय.”

मी तिचा हात धरला. हळदीनं सगळं निसरडं झालं होतं. मला एवढंही म्हणता आलं नाही की वैजे, माझं चुकलं, मी एसटीत तुझ्याजवळ बसायला हवं होतं.

“मंजीला कवा कळू द्यायचं न्हाय,” ती म्हणाली. “आईची आन. जलमभर माझ्याफुडं मान खाली घालून बसंल ती. मला बहीन पायजे, उपकाराखाली दबलेली नको.”

तेवढ्यात बायका परत आल्या आणि पुन्हा गाणी सुरू झाली.

यालाही आता किती वर्षं झाली. वैजूचं पहिलं बाळ गेलं. तिला स्वतःला तालुक्याच्या दवाखान्यातून जिल्ह्याला हलवावं लागलं, पण ती जगली. पुढं दोन मुलगे झाले, पण कंबर कायमची अधू झाली. ढोणे सरांनी मुलींची टीम बंद केली नाही. निवृत्त होईपर्यंत चालवली. तात्या मात्र तिसऱ्या वर्षी गेले, मंजीच्या लग्नाचं घाटत असतानाच. मग तिच्या लग्नाची घाई करायला कुणी उरलं नाही. मंजी शिकली, बँकेत लागली, स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं. तिनं साताऱ्यात घर बांधलं आणि वास्तुशांतीला मला आग्रहानं बोलावलं. मी गेले तेव्हा वैजू दोन दिवस आधीच येऊन स्वयंपाकघरात ठाण मांडून बसली होती. उभ्यानं जमत नाही म्हणून पाटावर बसून पुरणपोळ्या लाटत होती. आमच्या वयाच्या बायकांत ती दहा वर्षांनी मोठी दिसत होती.

मंजीची मुलगी जेवायला बसली. नववीत शिकते, टपोऱ्या डोळ्यांची, शाळेच्या खो-खोच्या संघात. दुसऱ्या दिवशी तिचा सामना होता.

“पळशील नीट,” मंजी तिच्या पानात पोळी टाकत म्हणाली, “मावशीसारखी उभी राहू नको म्हणजे झालं.”

“म्हणजे?”

“अगं, आमच्या अक्काची टीम विभागापर्यंत गेली होती. एक मिनिट पळाली असती, तर शाळा चालू राहिली असती हिची. पण एवढी गर्दी बघून अशी घाबरली, की मैदानात पाऊलच टाकलं नाही. प्रमिलाताई, तुम्ही होता ना तिथं? सांगा की हिला.” मंजी हसत होती. तिच्या हसण्यात दुष्टपणा नव्हता. बहिणीची वर्षानुवर्षं चालत आलेली थट्टा होती ती. “मी तर तेव्हा किती रडले होते. म्हटलं, आमची अक्का असून अशी कशी भित्री निघाली?”

मुलगी वैजूकडे वळली. “खरंच मावशी? घाबरली होतीस?”

मी तोंड उघडलं असतं तर सगळं बाहेर पडलं असतं. वैजूनं लाटणं थांबवलं नाही.

“व्हय गं बाई,” ती म्हणाली. “लई भ्याले होते मी त्या दिवशी.”

मग माझ्याकडे न बघताच तिनं तुपाची वाटी पुढं सरकवली. “पमे, पोरीच्या पानात तूप वाढ. कोरडीच पोळी खातीया ती.”

मी वाढलं.